पोफळ्यांच्या दुकानातली उलटी फळी

खडकवळणच्या पेठेत, घाटाकडे उतरणाऱ्या बोळाच्या तोंडाशी, पोफळ्यांचं पुस्तकांचं दुकान आहे. आत शिरलं की डाव्या हाताला गादी, उजव्या हाताला पाण्याचा माठ आणि समोर छतापर्यंत गेलेल्या सागवानी फळ्या. त्यातली खिडकीजवळची, खालून चौथी फळी नीट बघा. बाकी सगळीकडे पुस्तकांच्या पाठी आपल्याकडे आहेत, नावं वाचता येतात. या एका फळीवरच्या पुस्तकांनी मात्र पाठी भिंतीकडे केल्या आहेत, आणि आपल्याला दिसतात त्या नुसत्या पिवळट पडलेल्या कागदांच्या कडा. नव्या माणसाला वाटतं, कुणीतरी घाईत चुकीची लावली. एकदा एक गृहस्थ भल्या मनाने ती सरळ करायला लागले, तेव्हा मी 'नको' असं इतक्या जोरात म्हणाले की ते दचकले, आणि त्यांच्याहून जास्त मी दचकले.

हिला उलटी फळी म्हणतात. ही हेव्याने उलटी झाली, असं इथे सांगतात.

मी दुकानात कामाला लागून तिसरं वर्ष. ही हकीकत मला आत्ताचे मालक अण्णा पोफळे यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितली, आणि त्यांना त्यांच्या आत्याने. मधल्या मध्ये काय गळलं आणि काय चिकटलं, देव जाणे. ऐकली तशी सांगते.

नदीवर पूल नव्हता, लोक नावेने ये-जा करत, त्या काळची गोष्ट. दुकान घातलं नरहरशेट पोफळ्यांनी. शेट स्वतः बांधणीचं काम करत. पुस्तक आलं की त्याला जाड पुठ्ठा चढवायचा आणि पाठीवर आपल्या वळणदार अक्षरात नावाची चिठ्ठी डकवायची, हा त्यांचा शिरस्ता. दुकानाचे त्यांचे दोनच नियम होते. दिवेलागणीनंतर पुस्तकांत दिवा न्यायचा नाही, आणि दुकान उघडं असताना गादी रिकामी ठेवायची नाही. रिकामी गादी पाहून लक्ष्मी उंबऱ्यावरूनच मागे फिरते, असं ते म्हणत. पंचेचाळिशीत ते तापाने गेले. जाताना बायकोचा, भिवराबाईंचा, हात धरून म्हणाले, "गादी रिकामी पडू देऊ नकोस." भिवराबाईंनी देवापुढे तांदूळ ठेवून शब्द दिला.

आणि तो शब्द त्यांनी पाळला, म्हणे, बारा वर्षं. सकाळी दार उघडलं की गादीवर बसायच्या, त्या दिवेलागणीला उठायच्या. दुपारची भाकरी गादीवरच. अगदीच उठावं लागलं तर दाराला कडी घालून, धावत जाऊन धावत यायच्या. अमावास्येला दुकान बंद, पण तो दिवस घरच्या दळण-कांडणात जायचा. कुणी येऊन पुस्तक मागितलं की मान न वळवता सांगायच्या, "तिसरी फळी, डावीकडून अकरावं." गिऱ्हाइकाने जाऊन काढावं, तर तेच निघे. पेठेतले लोक याचं फार कौतुक करायचे. ते अकरावं पुस्तक भिवराबाईंनी स्वतः कधी उघडलेलं नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. वाचायला त्यांना येत होतं, शेटनीच शिकवलं होतं. पण त्यांच्या वाट्याला आलं ते गादीवर पडलेलं पंचांग आणि पुस्तकांची यादी. बाकी सगळं हाताच्या टप्प्याबाहेर, डोळ्यांसमोर.

अशात सगुणा यायला लागली.

सगुणा नदीपलीकडच्या पानमळ्यातली. दर गुरुवारी, म्हणजे बाजारच्या दिवशी, ओल्या फडक्याखाली विड्याची पानं घेऊन ती नावेने यायची. तीनच्या सुमारास माल संपला की टोपली उंबऱ्याशी ठेवायची, माठातलं पाणी घेऊन हात धुवायची, पदराला पुसायची आणि फळ्यांमध्ये शिरायची. मग दीड-दोन तास ती तिथेच. एखादं पुस्तक काढायची, हातात तोलायची, मधूनच उघडायची, पुन्हा खोचायची. कधी उकिडवी बसून खालच्या फळीवरचं बघायची, कधी टाचा उंचावून वरचं. एखाद्या ठिकाणी थबकायची आणि कुणी ओळखीचं भेटावं तशी हसायची.

भिवराबाईंना बोचलं ते हे हसणं.

पहिल्या गुरुवारी त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "काय हवंय गं?"

"काय न्हाई, आक्का. बघतीया."

दुसऱ्या गुरुवारीही तेच. तिसऱ्या गुरुवारी भिवराबाई म्हणाल्या, "बघून संपलं नाही का अजून?"

"संपंल कसं? एवढं हाय."

एवढं हाय, हे भिवराबाईंना कुणी सांगायला नको होतं. डावीकडून कितवं कुठे, सगळं तोंडपाठ होतं त्यांना. पण त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच नवऱ्याने बांधलेल्या पुस्तकांत एक पानवाली दर खेपेला काहीतरी नवं सापडल्यासारखी हिंडत होती, आणि त्या मांडी घालून बघत होत्या. सगुणा कुठे थबकली, हे त्या पाठ करू लागल्या. दुसरी फळी, उजवीकडून सहावं. आज हसली. काय असेल त्यात? बुधवारपासूनच त्यांना भाकरी गोड लागेना, असं अण्णांची आत्या सांगायची.

मला हे कळतं. गादीवर बसणाऱ्या कुणालाही कळेल. दिवसभर समोर माणसं हिंडतात, मधूनच कुणाचातरी चेहरा उजळतो, आणि तेवढ्यात दुसरं कुणीतरी आपल्याला शालेय नकाशा आहे का म्हणून विचारतं.

मग भिवराबाईंनी उपाय सुरू केले. हमालाला सांगून फळ्यांमधल्या वाटेत शाळेच्या पाट्यांचं ओझं ठेववलं, तर सगुणा त्यावर बसून बघायला लागली. एकदा म्हणाल्या, "पानाचे डाग पडतील." तेव्हापासून सगुणा हात दोनदा धुवायला लागली. शेवटी एक अमावास्या बुधवारी आली. त्या दिवशी दळण बाजूला सारून भिवराबाईंनी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत दुकानातलं एकूण एक पुस्तक काढलं आणि पाठ भिंतीकडे करून पुन्हा लावलं. नावंच दिसली नाहीत तर बघणार काय, हा हिशेब. सगुणा कंटाळेल, दुसरं दुकान धरेल. पेठेत दुसरं दुकान नव्हतं, तर घरी बसेल.

या जागी अण्णा सांगता सांगता थांबतात. बारा वर्षांत पहिल्यांदा सगळी पुस्तकं भिवराबाईंच्या हातून गेली. आणि रागाच्या भरात त्यांनी त्यातलं एकही उघडलं नाही.

गुरुवारी पेठ हादरली. शाळेचे गोविंद मास्तर आले आणि चष्मा पुसत म्हणाले, "भिवराबाई, पुस्तकं रुसली का हो?"

"नावं उन्हाने फिकी पडतात," भिवराबाई म्हणाल्या.

"बारा वर्षं नाही पडली ती?"

"तुम्हाला काय हवंय, मास्तर? मागच्या खेपेला विचारलेलंच ना? चौथी फळी, उजवीकडून तिसरं."

सांगून पुस्तक मिळत होतं, पण लोकांची गंमत गेली. नावं वाचत जाणं, नको ते हाताला लागणं, त्यासाठी थांबणं, सगळं बंद झालं. दुपारपर्यंत जो आला तो मागितलेलं घेऊन निघून गेला. भिवराबाई तीन वाजण्याची वाट बघत होत्या.

सगुणा आली. टोपली ठेवली, दोनदा हात धुतले, आत शिरली. एक पुस्तक काढलं, तोललं, उघडलं, खोचलं. पुढे गेली. उकिडवी बसली. आणि हसली. नेहमीसारखीच.

भिवराबाईंचा धीर सुटला. गादीवरूनच ओरडल्या, "अगं, नावं दिसत नाहीत तर काय बघतेस तू?"

सगुणाने वळून फळ्यांकडे नीट पाहिलं. मग, म्हणे, तिच्या लक्षात आलं, की आज काहीतरी वेगळं आहे.

"आज उलटी हाईत व्हय?" ती म्हणाली. "मला काय कळतंय, आक्का. मला वाचाया येत न्हाई. हिंडाया येतंय."

भिवराबाईंना आधी वाटलं, ही थट्टा करते. मग त्यांनी विचारलं, इतके दिवस हसत होतीस ती कशाला? सगुणा जरा लाजली. एका पुस्तकात पानापानाला वेल काढलेली आहे, म्हणाली, ती आमच्या मळ्यातल्यासारखी चढते. एकाला नव्या कापडाचा वास येतो. एक इतकं जाड आहे, की लिहिणाऱ्याला घरी कुणी बोलू देत नसेल. आणि ती म्हणाली, "मळ्यात दिसभर वाकून असती तवा तुमचाच हेवा वाटतोय बघा. म्हनती, ती बया रोज हितं हिंडत आसंल."

"मी?" भिवराबाई म्हणाल्या. "बारा वर्षांत या फळ्यांमध्ये पाऊल टाकलं नाही मी. काल टाकलं ते तुझ्यावरच्या रागाने."

"का वं?"

मग भिवराबाईंनी शब्दाचं सांगितलं. तांदूळ ठेवले ते, गादी रिकामी पडू द्यायची नाही ते. सगुणाने सगळं ऐकून घेतलं.

"रिकामी न्हाई पडू द्यायची," ती म्हणाली. "तुमीच बसायचं, असं म्हनले व्हते का शेट?"

शेट म्हणाले नव्हते. भिवराबाईंनीच तसं धरलं होतं, आणि त्या धरण्यावर बारा वर्षं मांडी घातली होती.

सगुणाने लुगड्याच्या टोकाने पाय पुसले आणि ती गादीशी येऊन उभी राहिली. "उठा," म्हणाली. "मी बसती."

असं सांगतात, की भिवराबाई उठल्या तेव्हा पायांना मुंग्या आल्या होत्या, आणि पहिल्या फळीपर्यंत त्या भिंतीला धरून गेल्या. पुस्तकं त्यांनीच उलटी केलेली. कितवं कुठे हे तोंडपाठ होतं, पण दोन-तीन पुस्तकं उघडेपर्यंत आकडे डोक्यातून गेले, म्हणे, ते कायमचे. त्यांनाही आता सगुणासारखंच बघावं लागलं. काढायचं, तोलायचं, उघडायचं. त्या वेलीचं पुस्तक सापडलं. नव्या कापडाच्या वासाचं सापडलं. दिवेलागण झाली तेव्हा त्या खिडकीजवळ, खालून चौथ्या फळीपाशी, कशात तरी इतक्या गुंतल्या होत्या की सगुणाला दोनदा हाक मारावी लागली. खूण ठेवायला काही नव्हतं. सगुणाने टोपलीच्या तळाशी उरलेलं एक विड्याचं पान दिलं. ते आत ठेवून भिवराबाईंनी पुस्तक परत खोचलं, पाठ भिंतीकडेच ठेवून. कुठलं, ते त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. ते पान अजून हिरवं आहे, असं म्हणतात.

हेवा काही एका दिवसात गेला नाही. पुढच्याच गुरुवारी भिवराबाई फळ्यांआडून डोकावून बघत होत्या, की सगुणा गादीवर फारच ऐसपैस बसली आहे. गिऱ्हाइकं तिच्याशी हसून बोलतात, हेही त्यांना खुपलं. "गादी चांगली मानवलीय तुला, सगुणे," असं त्या म्हणायच्या, आणि सगुणा म्हणायची, "तुमी कशाला हसलात मगाशी, ते सांगा आदी." दोघी म्हाताऱ्या होईपर्यंत हे चाललं. पण गुरुवार एकीनेही चुकवला नाही.

दर गुरुवारी एक-एक फळी भिवराबाईंनी पुन्हा सरळ केली, आणि या वेळी प्रत्येक पुस्तक उघडून बघितलं. शेवटी खिडकीजवळची चौथी राहिली. तिला हात घातला तेव्हा सगुणा गादीवरून म्हणाली, "ती ऱ्हाऊ द्या, आक्का. तितं तुमी आन मी सारक्याच."

म्हणून ती राहिली.

आजही दर गुरुवारी तीन वाजता गादीवरचं माणूस उठतं, हात धुऊन फळ्यांमध्ये शिरतं, आणि दुकानातलं एखादं गिऱ्हाईक त्याच्या जागी बसतं. बसणाऱ्याने हिंडणाऱ्याला काय हवंय म्हणून विचारायचं नाही, एवढाच नियम. उलट्या फळीवरचं पुस्तक नाव न बघता काढायचं आणि बघून झालं की उलटंच ठेवायचं. विड्याचं पान शोधायला लांबून माणसं येतात. मला ते अजून सापडलेलं नाही. गेल्या श्रावणात एका बाईंनी त्या फळीवरून एक पुस्तक काढलं, उघडलं आणि गालातल्या गालात हसल्या. मी गादीवर होते. विचारता येईना. आठवडाभर तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलला नाही, आणि पुढच्या गुरुवारी मी त्या फळीवरची एकोणीस पुस्तकं उघडून बघितली; बाकीची अजून राहिलीत. इतरांच्या आधी ते मलाच सापडावं, असं मला वाटतं. हे बरं नाही, पण वाटतं.

आज गुरुवार आहे. तीनला पाच मिनिटं कमी आहेत. तुम्ही बसता का गादीवर? पाय पुसायचं फडकं तिथेच आहे. कुणी पुस्तक मागितलं तर शोधू दे त्याचं त्याला. आणि मी आत कशाला हसले, ते मात्र विचारू नका.