सभापतींचं आजोळ

बायांनो, तुमचं पहिलं बाळंतपण सासरी झालं की माहेरी? आमच्या सभापतींना हा प्रश्न पडलाच नव्हता.

पंचायत समितीला तालुक्यात एकच नवं प्रसूतिगृह बांधायचं होतं. सभापती विश्वंभरराव सरकारी दवाखान्याची आकडेवारी घेऊन उभे राहिले. "बाळंत झालेल्यांत सगळ्यात जास्त बाया आमच्या निमगावच्या. डोंगरावरच्या घोटवाडीच्या जेमतेम. प्रसूतिगृह निमगावातच होईल."

घोटवाडीच्या सरपंच तुळसाबाई उठल्या. त्यांच्या गावात कळा सुरू झालेल्या बाईला डोलीतून डोंगराखाली उतरवावं लागे.

"साहेब, आमच्या लेकी तुमच्या गावात दिल्यात. बाळंतपणाला त्या माहेरी येतात, पण दवाखान्यात पत्ता लिहितात सासरचा."

"आकडे खोटं बोलत नाहीत, बाई."

"बरं. कागदोपत्री तुमचं गाव कोणतं?"

"निमगाव. पिढ्यानपिढ्या."

"आणि जन्मलात कुठं?"

सभापती घुटमळले. "आजोळी. घोटवाडीला."

"मग भाचेबुवा, निमगावचं प्रसूतिगृह तुमच्या आईच्या काय कामाला आलं असतं?"

सभागृहात हसू पसरलं. सभापतींनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घोटवाडीच्या शाळेमागची जागा मोजून घेतली.