उन्हाळ्यातली गोधडी

हे कुणाला सांगू नकोस, असं गोधडीनं बजावलं होतं, तरी सांगते. घराघरांत फ्रिज आले नव्हते तेव्हाची ही गोष्ट.

गोधडी थंडीला वैरीण मानायची. होळी झाली की ती ट्रंकेत जायची आणि जाताजाता माठाला टोमणा मारायची, “गारठ्याचं तोंडसुद्धा मी बघत नाही, कळलं?”

एकदा मे महिन्यात मुलांनी आंब्याचं आइस्क्रीम करायला घेतलं. बर्फ-मीठ भरलेला पॉट फिरवून त्यांचे हात भरून आले. मग आईनं ट्रंकेतून गोधडी काढली आणि त्या गार पॉटभोवती गुंडाळली. गोधडी शहारली. घसरून पडावं, असं तिला वाटलं. पण तिच्याच कुशीत वाढलेली मुलं वाट्या घेऊन समोर बसली होती. गोधडी सुटली असती तर बर्फाचं पाणी झालं असतं. ती पॉटला घट्ट बिलगली.

“काय गोधडीताई, फितूर झालात?” माठ खिदळला.

“फितूर कसली? हिवाळ्यात ऊब बाहेर जाऊ देत नव्हते, आता ऊन आत येऊ देत नाही. राखण तीच!”

तेव्हापासून ट्रंकेत शिरताना ती टोमणा मारत नाही. हळूच एवढंच विचारते, “माठोबा, आंबे कधी येणार हो?” आणि माठ तिला... थांबा हं, आई हाक मारतेय,