आनंदाबद्दल दोन शब्द

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथले दोन जवान सीमेवर धारातीर्थी पडले होते. सरपंच रंगरावांनी स्वतः खपून शाळेसमोर दगडी स्तंभ उभारला आणि त्यावर दोघांची नावं कोरून घेतली.

दर स्वातंत्र्यदिनी झेंडावंदन झालं की रंगराव एका जवानाच्या, आनंदाच्या आईला, ठकूबाईला, मंचावर बोलवत. शाल आणि नारळ देत. टाळ्या वाजत. ठकूबाई मात्र लगेच खाली उतरत नसे.

"रंगराव, आनंदाबद्दल दोन शब्द बोलू का?"

"मावशी, पाहुण्यांना पुढच्या गावाला जायचंय. पुढच्या वर्षी नक्की बोला."

ठकूबाई मान हलवायची आणि नारळ पदराखाली धरून घरी जायची. पुढच्या वर्षी पाऊस आडवा आला. त्याच्या पुढच्या वर्षी भाषणंच लांबली. रंगराव काही वाईट माणूस नव्हते. त्यांना वाटायचं, म्हातारी कुठे जाते!

अशी बरीच वर्षं गेली. एका स्वातंत्र्यदिनी पाहुणे आलेच नाहीत. रंगरावांनी माइक ठकूबाईच्या हातात दिला.

"मावशी, आज कसली घाई नाही. आनंदाबद्दल पोटभर बोला."

ठकूबाईने माइककडे पाहिलं. मग समोरच्या माणसांकडे पाहिलं. शेवटी तिने हळूच विचारलं, "आनंदाला अजून रजा न्हाई का मिळाली?"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. रंगरावांनी तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं. मग त्यांनी गावकऱ्यांना विचारलं, "आनंदाची एखादी आठवण कुणी सांगेल का?"

एक जण म्हणाला, "तो बासरी झकास वाजवायचा."

दुसरा म्हणाला, "छे, तो त्याचा चुलतभाऊ."

बाकीच्यांना काहीच आठवेना.

त्यानंतर रंगराव रोज ठकूबाईजवळ जाऊन बसू लागले. कधीतरी तिला काही आठवेल, ही आशा होती. ती प्रेमाने त्यांचा हात हातात घ्यायची, पण लेकाचं काही तिला सांगता आलं नाही. थंडीत ती गेली. आनंदा कसा होता, हे सांगणारं गावात कुणी उरलं नाही.

तिचं दिवसकार्य उरकलं आणि रंगराव दुसऱ्या जवानाच्या घरी गेले. त्याची बायको, सुंदराबाई, अंगणात शेंगा फोडत होती. सरपंचांना पाहून ती लगबगीने उठली. "कसला कार्यक्रम हाय?"

"कार्यक्रम नाही, वहिनी. महादू कसा होता, ते ऐकायला आलोय."

सुंदराबाईने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "लई हसायचा. इतक्या वर्सांत कुणी इचारलंच न्हाई बघा." आणि तिचे डोळे भरून आले.

तात्पर्य: वीराच्या नावाला हार घालणं म्हणजे त्याची आठवण ठेवणं नव्हे, तो कसा होता हे त्याच्या माणसांना विचारावं, आणि ती सांगू शकतात तोवरच विचारावं.