भरलेली पेटी, रिकामं तळं

पूर्वी चंपानगरीत राजा अरिष्टसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका हारेवाल्या व्यापाऱ्याच्या पोटी जन्मले होते. वेळू तळ्यात भिजत घालून त्याचे करंडे, हारे विणायचे, आत पेंढा भरायचा आणि लोकांचा माल न फुटता दूरदेशी पोचेल असा बांधून द्यायचा, हा त्या घराचा धंदा. बाप गेल्यावर पैशांच्या पेटीची किल्ली थोरल्या बहिणीच्या, केशिनीच्या कमरेला आली आणि तिची झोप उडाली.

त्या नगरीत रीत अशी की पेटीपूजेच्या दिवशी व्यापाऱ्याने आपली पेटी ओसरीवर उघडी ठेवायची. लोक आतल्या नाण्यांची चकाकी बघत आणि विश्वासाने आपली पुंजी त्या घरात ठेवत.

पेटीपूजेचा दिवस आला. केशिनी पहाटेपासून आत-बाहेर करत होती. पुसलेली पेटी पुन्हा पुसत होती. ओसरीखाली माणसं जमली. सगळ्यात पुढे नंदा कुंभारीण, पोरीच्या लग्नाचं साठवलेलं पदरात घट्ट धरून उभी.

बोधिसत्त्वांनी बहिणीला आत बोलावलं.

"अक्का, पेटी उघडू नकोस."

"का? सावकाराचं देणं हजार, पेटीत आठशे. म्हणजे खरं कर्ज दोनशे. तेवढं कुणाला नसतं?"

"ते आठशे आपले कुठे आहेत? कासारांनी आणि तूपवाल्यांनी दिलेला विसार आहे तो. हारे विणून दिले तर आपला, नाहीतर तेही देणंच."

"मग विणू की."

"कशाचे? तळ्यावर जाऊन आलो मी. एकही वेळू भिजत घातलेला नाही तिथे."

न भिजवलेल्या वेळूला कीड लागते आणि हारा वाटेतच मोडतो, हे केशिनीला कुणी शिकवायला नको होतं. पण पेटी भरलेली दिसावी म्हणून तिनेच यंदा वेळू घेतला नव्हता.

"तळं बघायला कोण जातंय?" ती म्हणाली. "तू मोठा शहाणा. नंदाचा पैसा आला की आणू वेळू."

"आणि नाही जमलं तर तिच्या पोरीला काय सांगशील?"

तिने तोंड फिरवलं. बोधिसत्त्व बाहेर गेले आणि पेटीतला पैसा परक्यांचा आहे, देणं पुरतं हजाराचं आहे, इथे काही ठेवू नका, असं सगळ्यांना सांगून मोकळे झाले. नंदाने पदराला दुसरी गाठ मारली आणि घरी गेली. विसारवाले विसार घेऊन गेले. सावकाराने गाड्या आणि राहतं घर घेऊन देणं वसूल केलं. बहीणभाऊ तळ्याकाठच्या झोपडीत आले. तिथे केशिनी पालथ्या हाऱ्यावर टेकली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. बापाच्या मागे पहिल्यांदाच.

कानातलं विकून तिने वेळू आणला. पुढच्या पेटीपूजेला तिने पेटी उघडलीच नाही. आलेल्या माणसांना तळ्यावर नेलं आणि पाण्यात हात घालून भिजलेला वेळू दाखवला.

आपल्या पूर्वजन्माची ही गोष्ट सांगून शास्ते म्हणाले, "तेव्हाची केशिनी म्हणजे आज संघाच्या कोठाराची किल्ली सांभाळणारी ही उपासिका. नंदा म्हणजे दाराशी बसलेली ती म्हातारी. आणि घर गेलं तरी खोटी चकाकी न दाखवणारा भाऊ मीच होतो. या वागण्याला सत्यपारमिता, म्हणजे सत्याची पराकाष्ठा म्हणतात."