येसाप्पाची ओसरी

खूप मागे, किती मागे ते आता कुणालाच सांगता येणार नाही, एका उघड्या माळावर विणकरांचं गाव होतं. वर्षातले आठ महिने तिथे ऊन भाजून काढी. त्या गावातल्या एका घराची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

त्या घरात येसाप्पा नावाचा विणकर आणि त्याची बायको तुळजा राहत. येसाप्पा मागावर पागोटी विणी, तुळजा त्याला कांड्यांवर सूत भरून देई. दोघं कष्टाळू होती. घर मात्र वाईट होतं. दार पश्चिमेला, दारापुढे सावली नाही. छत दगडी लाद्यांचं. मागच्या भिंतीला एकही खिडकी नाही. दुपार कलली की ऊन दारातून थेट चुलीपर्यंत येई.

लग्न होऊन आली त्याच वर्षी तुळजा म्हणाली, “अहो, दारापुढे छोटीशी ओसरी काढू या का? आणि मागे एक खिडकी?”

“काढू की,” येसाप्पा म्हणाला. “एवढं सणाचं काम हातावेगळं होऊ दे.”

सणाचं काम झालं, मग लग्नसराईचं आलं. तुळजाने दुसऱ्या वर्षी विचारलं, पाचव्या वर्षी विचारलं, दहाव्या वर्षी म्हणाली, “निदान छताला चुना तरी द्या. पांढरं छत कमी तापतं.”

येसाप्पा माणूस वाईट नव्हता. तो कधी नाही म्हणाला नाही. एवढंच म्हणायचा, “ऊन काय आज नवीन आहे? इतके काढले, हाही उन्हाळा काढू.”

पुढे तुळजाने विचारणंच सोडलं. डोक्यावर ओला फडका टाकून ती कांड्या भरत बसे. त्यांची एकुलती एक मुलगी मोठी झाली आणि नदीकाठच्या गावी नांदायला गेली. मग एका उन्हाळ्यात चुलीपुढे बसल्या बसल्या तुळजाला भोवळ आली. ती वाचली, पण तिचे हात थरथरू लागले. सूत धरवेना. मुलीचा निरोप आला, “आता इकडेच या दोघं.”

येसाप्पाने घर विकायचं ठरवलं. गावात घरांचे व्यवहार जुळवणारा एक म्हातारा होता, त्याला बोलावलं. म्हातारा क्षणभर आत उभा राहिला आणि घाम पुसत बाहेर आला.

“ही भट्टी कोण घेणार, येसाप्पा? आपल्याकडे माणूस घर बघायला भर दुपारी येतो, आणि पहिली सावली बघतो. ओसरी काढ, छताला चुना दे, खिडकी पाड. दुप्पट किंमत येईल.”

त्याच दिवशी येसाप्पाने माग बंद केला. खांब आणून ओसरी उभी केली. छतावर चुन्याचे तीन हात दिले. शेवटी मागची भिंत फोडून खिडकी बसवली. सगळं मिळून एक महिना लागला.

खिडकी उघडली त्या दुपारी येसाप्पा पाणी प्यायला आत आला, तर तुळजा जमिनीवर आडवी झालेली. पुन्हा भोवळ आली असं वाटून तो धावत जवळ गेला. पण ती शांत झोपली होती. घरात वारा खेळत होता. तिच्या कपाळावर घाम नव्हता. इतक्या वर्षांत त्याने तिला दुपारी झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. हातातला तांब्या खाली ठेवून तो तिथेच बसून राहिला.

चार दिवसांनी मिठाचा एक व्यापारी बायकोला घेऊन घर बघायला आला. बाईने भिंतीला हात लावला. “गार आहे हो!” ती हरखून म्हणाली. मग तुळजाकडे वळली. “नशीबवान आहात, आजी. जन्म अशा घरात काढलात.”

“माझं घर वेगळं होतं, बाई,” तुळजा हळूच म्हणाली. “हे गेल्या महिन्याभरात झालंय.”

व्यापाऱ्याने मागितली ती किंमत कबूल केली. तो गेल्यावर येसाप्पा ओसरीच्या खांबाला टेकून बसला. मग म्हणाला, “नको विकू या. राहू इथेच.”

“मी मागितली तेव्हा ओसरी माझ्यासाठी झाली असती,” तुळजा म्हणाली. “आता ती गिऱ्हाइकासाठी झाली. राहू दे त्यांना. मी दमलेय. लेकीकडे चला.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर येसाप्पाला बरं वाटलं असतं.

नदीकाठच्या गावी पोचल्यावर सामान गाडीतच ठेवून तो मांडवासाठी खड्डे खणू लागला. मुलगी म्हणाली, “बाबा, आधी हातपाय तरी धुवा.”

“नाही,” तो म्हणाला. “आधी सावली.”

मांडव संध्याकाळपर्यंत उभा राहिला. त्या सावलीत तुळजा एकच उन्हाळा बसली. पुढचे सगळे उन्हाळे येसाप्पा एकटा बसला.

तात्पर्य : जे सुख परक्याला विकण्यासाठी आपण महिन्याभरात उभं करू शकतो, ते आपल्या माणसाला वर्षानुवर्षं मागायला लावू नये.