गाडीत कोण बसलंय?

“मग चूक कुठं आहे, ते तरी सांगा की, उस्ताद!”

इंद्रजितचा आवाज चढला होता. चाकांची अलाइनमेंट तपासायच्या मशीनच्या पडद्यावर चारही चाकांचे आकडे हिरवे दिसत होते. तरी गाडी डावीकडे ओढत होती आणि नवे टायर आतल्या बाजूनं सोलून निघत होते.

गाडी त्याची स्वतःची. हौसेनं स्प्रिंग कापून त्यानं ती खाली घेतली होती. अलाइनमेंट त्यानंच केली होती. उद्यमनगरात या मशीनवर आपल्यासारखा हात कुणाचा नाही, असं तो उघड म्हणायचा.

उद्या ती गाडी घेऊन त्याला करूळ घाट उतरायचा होता. शैलाताईला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायचं होतं.

कासीम उस्ताद बाकावर चहा पीत होते. ज्यांच्या हाताखाली इंद्रजित शिकला, ते हेच.

“गाडीत कोण बसलंय?” त्यांनी विचारलं.

“कोण नाही. रिकामी आहे.”

“हं…”

उस्तादांनी कप ठेवला. दार उघडून ते कण्हत-कुथत ड्रायव्हरच्या सीटवर बसले.

“या अल्ला! गाडी हाय का जेवायचा पाट? … बघ आता.”

इंद्रजितनं पडदा पाहिला. पुढच्या दोन्ही चाकांचे आकडे लाल झाले होते.

“तुम्ही हललात, उस्ताद.”

“हललो न्हाई. बसलो.”

…

इंद्रजित गाडीखाली वाकला. चाकांना जोडलेले, एरवी आडवे असणारे दांडे गाडी खाली घेतल्यानं तिरके झाले होते. जरा भार पडला, की ते चाकाला ढकलत होते. उंच गाडीला माणूस बसल्याचं कळतही नाही. या गाडीला कळत होतं.

तो उठला, तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

“तुम्ही बसूनच राहा. तुमच्या भारावर लावून घेतो.”

“मी येणार हाय व्हय घाटात?”

मागच्या बाजूला जाऊन इंद्रजितनं वाळूची पोती आणली. आपल्या वजनाची ड्रायव्हरच्या सीटवर ठेवली. दुसऱ्या सीटपाशी पोतं हातात धरून तो थांबला.

“ताईचं किती धरू?”

“तुझी बहीण. मला काय विचारतोस?”

“लग्नात पन्नासच्या आत होती.”

“लग्नातल्या ताईला आणायला चाललायस?”

…

इंद्रजितनं पोतं खाली ठेवलं. खिशातला फोन काढला, थोडा वेळ नुसताच धरला आणि मग लावला.

पलीकडचा आवाज उस्तादांनाही ऐकू गेला.

“इंद्या, इतक्या दिवसांनी बहिणीची आठवण झाली, ती वजन विचारायला? मी काय बाजारचा भोपळा हाय?”

“तसं नाही गं, ताई…”

“बासष्ट. आन् पाय सुजल्यात, ते वेगळं. कुणी विचारलंच न्हाई म्हणून सांगते.”

पुढं बराच वेळ तीच बोलत होती. इंद्रजित “हं” म्हणत होता. मधेच त्यानं पाठ फिरवली आणि बाहीनं डोळे पुसले.

फोन संपल्यावर त्यानं सीट मागं सरकवली. तिला पाय लांब करता यावेत, एवढी जागा केली. मग पोती चढवली, पान्हे घेतले आणि कामाला लागला.

भार असताना सगळे आकडे हिरवे झाले. त्यानं पोती उतरवली. पडदा पुन्हा लाल झाला.

त्यानं त्या लाल आकड्यांकडे बोट केलं.

“गाडी सरळ झाली म्हणायची का, उस्ताद?”

उस्तादांनी चाकावरून हात फिरवला.

“जाताना सावकाश जा. ताई बसली, की होईल.”