डोंगरगावचा आंबट पाला

पुष्कळ, पुष्कळ वर्षं झाली. पूर्वेकडच्या रेशमाच्या देशात, उंच डोंगराच्या खांद्यावर एक लहानसं गाव होतं. गावात तुतीची झाडं होती, घरोघरी रेशमाचे किडे होते, आणि साऱ्यांची तहान भागवणारा एक झरा होता. एका वर्षी दरड कोसळली आणि झरा बुजला. लोकांनी खणून पाहिलं, देवाला साकडं घालून पाहिलं. पाणी काही परत आलं नाही. मग एकेक घर डोंगर उतरलं आणि जिथं आसरा मिळाला तिथं पांगलं.

त्या गावातली एक बाई नवऱ्याला आणि मुलाला घेऊन सपाटीवरच्या एका गावात येऊन राहिली. तिथं त्यांचं काही वाईट झालं नाही. भातशेती मिळाली, शेजार चांगला मिळाला, मुलाला त्याच गावातली गुणी बायको मिळाली. पण बाईचं मन काही डोंगर उतरलं नाही.

ती उंबऱ्यात बसे आणि मनानं वर जाई. किडे तुतीची पानं खात, तेव्हाचा तो बारीक सरसर आवाज तिला ऐकू येई. कोशांचा धागा काढताना शेजारणी सासवांच्या नकला करत आणि हसता हसता धागा तुटे, ते आठवे. पानगळीच्या दिवसांत सगळ्या जणी मोहरीचा पाला उन्हात सुकवत, मीठ चोळून मडक्यात भरत आणि वर झऱ्यातले गुळगुळीत दगड ठेवत. मग हिवाळाभर गरम पेजेबरोबर तो आंबट पाला! ती हे सगळं पुन्हा पुन्हा आठवी, पण कुणाला एका शब्दानं सांगत नसे. नवऱ्यानं विषय काढलाच, तर आता त्याचं काय, असं म्हणून तोंड फिरवी.

हळूहळू तिचं अन्न तुटलं. दोन घासांत पोट फुगे. हातापायांत शिशासारखा जडपणा येई. सून कधी मऊ भात करी, कधी माशाचं कालवण, कधी आलं घातलेली पेज. बाई वाडगा बाजूला सारी आणि इथल्या पाण्यालाच चव नाही, एवढंच म्हणे. सुनेला दिवस गेले होते. आपल्याच हाताला चव नाही असं वाटून ती बिचारी चुलीपाशी डोळे पुशी.

वैद्य आले, काढे झाले, मुळ्या उगाळून झाल्या. गुण आला नाही. बाई इतकी खंगली, की नातवाचं तोंड तरी हिला दिसेल का, अशी चिंता नवऱ्याला पडली. अखेर तो बैलगाडी जोडून निघाला आणि नदीपलीकडच्या एका म्हाताऱ्या वैद्यिणीला घेऊन आला.

वैद्यिणीनं बाईच्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटून बराच वेळ नाडी ऐकली. मग जीभ पाहिली, पोट चाचपलं. नवऱ्याला बाहेर नेऊन ती म्हणाली, "आमच्या शास्त्रात सांगितलंय, राग यकृताला लागतो, शोक फुप्फुसांना, भीती मूत्रपिंडांना. आणि एकच गोष्ट मनात घोळवत राहणं, ते पचनाला लागतं. मन एका जागी अडलं की पोटातला वाराही अडतो आणि त्याची गाठ बसते. ही गाठ काढ्यानं सुटायची नाही. मी आता जे बोलेन त्यात मध्ये पडू नका."

मग ती बाईजवळ येऊन बसली आणि तिनं डोंगरावरच्या हिवाळ्याबद्दल विचारलं. असं बाईला आजवर कोणत्याही वैद्यानं विचारलं नव्हतं. बाई आधी अडखळत, मग सलग बोलत गेली. आंबट पाल्यापर्यंत आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

वैद्यिणीनं सगळं ऐकून घेतलं आणि ती शांतपणे म्हणाली, "तो पाला मी खाल्लाय. चिखलात भिजवलेल्या चिंधीसारखा लागतो."

सून जागच्या जागी थिजली. बाईच्या फिकट गालांवर रक्त चढलं.

"तुम्ही दुसऱ्या कुठल्या तरी गावचा खाल्ला असेल," ती म्हणाली.

"तुमच्याच गावचा. एवढ्यासाठी कुणी झुरतं, याचं मला हसू येतं."

बाई भिंतीला धरून उभी राहिली. तिनं मोहरीचा पाला आणायला सांगितला, मीठ मागितलं, मडकं मागितलं. नवरा धावला. वैद्यीण निघून गेली, तरी बाईचा राग उतरेना. नदीकाठचे दगड तिनं स्वतः निवडून घेतले. सून मीठ हलक्या हातानं चोळते म्हणून तिच्यावर ओरडली आणि कसं चोळायचं ते हात धरून दाखवलं. मडकं भरून झाल्यावर घामाघूम होऊन ती बसली, तेव्हा सुनेनं भीतभीत पेजेचा वाडगा पुढे केला. बाईनं बोलता बोलता तो संपवला. आपण जेवलो, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

वैद्यीण अधूनमधून दारावरून जाई आणि चिंधी मुरली का, असं विचारी. मग बाई संध्याकाळपर्यंत फणफणत असे आणि दोन घास जास्तच खाई.

अखेर मडकं उघडायचा दिवस आला. बाईनं पहिला घास घेतला. ही ती चव नव्हती. पाला इथला, दगड इथले, पाणी इथलं. गाव सोडताना तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आज ती मडक्याशी बसून हुंदके देऊन रडली. नवरा जवळ बसून राहिला, त्यालाही रडू आवरेना.

सुनेनं एक घास खाऊन पाहिला. मग दुसरा घेतला, मग वाडग्यात आणखी वाढून घेतलं.

"आई," ती म्हणाली, "तुमच्या गावची चव कशी होती, मला नाही माहीत. मला हीच आवडली. मला शिकवा. आणि त्या शेजारणींचंही सांगा."

बाईनं तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं सुनेकडे असं नीट पाहिलंच नव्हतं. मग ती सांगत बसली, आणि सासवांच्या नकलांपाशी आल्यावर दोघी पोट धरून हसल्या.

वैद्यीण आली तेव्हा तिनं चवीनं पाला खाल्ला आणि आपण त्या डोंगरावर कधी गेलोच नव्हतो, अशी कबुली दिली. "झाडाची मुळं घट्ट माती फोडतात, तसा राग ही गाठ फोडतो," ती म्हणाली. "पण ते एकदाच घ्यायचं औषध. रोज घेतलं तर यकृत जाईल."

"मग आता मी गाव विसरू का?" बाईनं विचारलं.

"विसरायचं कशाला? एकटीनं आठवू नका, एवढंच."

बाईनं पांगलेल्या शेजारणींना निरोप धाडले. पुढच्या पानगळीला त्या जमल्या. दोघी-तिघी मात्र आल्या नाहीत. त्या आपापल्या उंबऱ्यात झुरून केव्हाच गेल्या होत्या. उरलेल्यांनी त्यांची नावं घेतली, पाला चोळला आणि मांडीवरच्या नातवंडांना झऱ्याच्या गोष्टी सांगितल्या. बाई पुढे पुष्कळ वर्षं जगली.

आज त्या डोंगरगावाचं नाव कुणाला ठाऊक नाही. पण सपाटीवरच्या त्या साऱ्या मुलखात पानगळ आली की सासवा सुनांना पाला चोळायला शिकवतात, आणि हात चालू असताना सगळ्या बोलत राहतात.

तात्पर्य : मनात कोंडलेली आठवण माणसाला खाते, चौघांत वाटलेली आठवण माणसाला जगवते.